ताराबाईचं भिजलेलं प्लास्टर

मनसारामने बायकोच्या हाताचं प्लास्टर मुद्दाम तलावात भिजवलं, हे पुढे साऱ्या गावाला कळलं. पण माणूस तेव्हा आशेने वेडापिसा झाला होता, त्याला काय बोलणार!

गोंडपिपरीकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या या मनसारामची ताराबाई जाळं विणण्यात एक नंबर. पण गेली दोन वर्षं तिने सुताला हात लावला नव्हता. घरात कुणी गेलं नव्हतं, कसलं भांडण नव्हतं, तरी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेजारणी तिला आळशी म्हणायच्या. २००६च्या दिवाळीनंतर तलावाच्या बांधावरून घसरून तिचा हात मोडला. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात भूल देऊन हाड बसवलं.

आणि दुसऱ्या दिवशी काय सांगावं! ताराबाई उठून बसली आणि म्हणाली, "चहात साखर काऊन नाई टाकली जी?" मनसाराम भांबावला, हसला, मग चक्क रडला. घरी आल्यावर तिने एका हाताने मासे रांधले, शेजारणींची टिंगल केली. घर भरून गेलं. पण आठवडाभरात ती पुन्हा भिंतीकडे वळली.

मनसारामला वाटलं, हाड बसवल्याने मन ताळ्यावर आलं होतं. मग पुन्हा बसवू! त्याने तिचा हात पाण्यात बुडवला आणि सकाळची एसटी धरली.

"भिजलं कसं?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच भिजवलं बाई. हाड बसवलं तवा हे हासली होती. तिले पुन्हा हासवा."

बाई रागावणार होत्या, पण सगळं ऐकून त्यांचे डोळे लकाकले. "हाडाने नाही हो, भुलीच्या औषधाने! केटामाइन म्हणतात त्याला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. ते घेणारी दारं असतात, रिसेप्टर. हे औषध त्यातली काही दारं थोडा वेळ अडवतं आणि उदासीचा आजार काही जणांत काही तासांतच हलका होतो. परदेशात आत्ताच आढळलंय! मी वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहतेय."

"मंग द्या नं!"

"असर टिकत नाही, अजून तपासणी चालू आहे. उपचार म्हणून मी देऊ शकत नाही. पण याच आजारावर मनाच्या डॉक्टरांकडे गोळ्या आहेत. त्या सावकाश लागू पडतात."

ताराबाईने मान वर केली.

"आजार? मंजे मी आळशी नाई?"

"मुळीच नाही."

ती नवऱ्याकडे वळली.

"आयकलं का जी? चाला, कुठी बसते तो डॉक्टर?"