पाकिटावरची लाल फुली

फोटोकाकांच्या स्टुडिओत एक नेम होता. दुकानाच्या काचेत कुणाचा फोटो लावायचा, तर आधी त्या माणसाला विचारायचं, "लावू का काचेत?" तो लाजत का होईना, हो म्हणाला तरच लावायचा. नाही म्हणाला, की निगेटिव्हच्या पाकिटावर लाल पेन्सिलीनं फुली, विषय संपला. चाळीस वर्षं काकांनी हा नेम रोजच्या प्रार्थनेसारखा सांभाळला.

स्टुडिओ बंद झाला तशी पाकिटं घरी आली आणि पलंगाखाली पडली. ओल लागून बुरशी चढू लागली तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, सगळं स्कॅन करून फोटोंच्या साइटवर चढवते. तिथे ना वाळवी, ना बुरशी." काकांना पटलं. खोटं कशाला बोला, सुरुवातीला कौतुकच वाटलं. परदेशातल्या एका म्हाताऱ्याला कारखान्याच्या जुन्या ग्रुप फोटोत आपला बाप सापडला. दुसरा फोटोच नव्हता त्याच्याकडे. त्यानं लिहिलं, "पन्नास वर्षांनी वडिलांचं नाक पाहिलं. माझंच आहे." काका कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. एवढं पुण्य त्यांच्या काचेनं कधी मिळवून दिलं नव्हतं.

मग एका सकाळी लेकीनं मोबाइल पुढे धरला. "बघा तरी, हा किती लोकांनी पाहिलाय!"

फोटो शिवणकाम करणाऱ्या ताईंचा होता, सव्वीस वर्षांपूर्वीचा. एक डोळा सुजून मिटलेला, कपाळावर खोक, ओठ फाटलेला. नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीला जोडायला त्यांनी तो काढून घेतला होता. "काका, हा कुणाला दिसायला नको," म्हणाल्या होत्या, आणि काकांनी त्यांच्यादेखत पाकिटावर फुली मारली होती. आता साइटनं आपल्या अकलेनं चेहरा ओळखून, लेकीनं चढवलेल्यांतूनच त्यांचा लग्नातला फोटो शोधून शेजारी चिकटवला होता. वर मथळा, 'तेव्हा आणि नंतर'. खाली दात काढून हसणारी पिवळी तोंडं, रांगेनं. एकानं लिहिलं होतं, "संसार मानवला वाटतं!"

काकांनी मोबाइल पालथा ठेवला.

"फुलीचं पाकीट उघडलंसच कशाला?"

"फुलीची तर मी सगळ्यात आधी घेतली! मला वाटलं, तुम्ही निवडून ठेवलेले खास फोटो."

बरोबरच होतं तिचं. फुलीचा अर्थ काकांनी घरात कुणाला सांगितलाच नव्हता.

लेकीनं फोटो तिथल्या तिथे काढला, पण तोवर तो तिऱ्हाइतांच्या पानांवर जाऊन बसला होता. तक्रार करायला गेले, तर साइट म्हणे कारण निवडा. नग्नता? फसवणूक? हिंसा? 'हिंसा' निवडलं. तासाभरात उत्तर आलं, 'आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.' आणि त्याखाली पाच चांदण्या: आमची सेवा कशी वाटली?

"शब्द दिला होता, असा रकाना नाही का गं?"

"नाही हो बाबा."

"शी! सव्वीस वर्षांनी चेहरा ओळखता येतो मेल्यांना, आणि त्या बाईला एकदा विचारता येत नाही, लावू का म्हणून? एवढं जरी शिकवलं असतं त्या यंत्राला!"

देवानं माणसाला पापण्या दिल्या, त्या कधीतरी मिटायलाही दिल्या. या साइटला नुसतेच डोळे, उघडेच्या उघडे.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत, काका पाकीट घेऊन ताईंच्या घरी गेले. शिलाई मशीन चालू होतं.

"ताई, माझ्या हातून फार वाईट झालं."

"माहितीये. मुलीनं दाखवला." मशीन थांबलं नाही. "ती तेव्हा पाळण्यात होती. कपाळावरची खूण कसली विचारायची, तर मी सांगायचे, जिन्यावरून पडले. कालपासून एकच विचारतेय, 'आई, कुठला जिना?' दार लावून बसलीये आत."

काकांना मान वर करवेना.

"तुमच्याकडचा काढलात ना?"

"काढला. पण साइटच्या कचरापेटीत तीस दिवस राहतो म्हणे. आणि लोकांनी उचललेले... ते नाहीत काढत."

आता मशीन थांबलं. "म्हणजे महिनाभर मी त्यांच्या कचऱ्यात. आणि पुढे लोकांच्या."

काकांनी पाकीट पुढे ठेवलं. कापडाची कात्री कागदालाही लावू न देणाऱ्या त्या बाईनं तीच कात्री उचलली. निगेटिव्ह खिडकीशी धरून एकदा पाहिली आणि बारीक बारीक तुकडे केले. ते पाकिटात भरून पाकीट काकांच्या हातात दिलं.

काका उठायला लागले.

"बसा," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी मला पाहिलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. मी तिला खरं सांगताना तुम्ही समोर असा."

आणि त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.