न झालेलं भाषण

राजकीय वार्ताहर म्हटलं की लोकांना वाटतं, हा मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून चहा पीत असेल. कसली मांडी नि कसलं काय! मी शहापूर-मुरबाडचा वार्ताहर. सायकलवरून सभा गाठायची, बातमीचं पाकीट शेवटच्या एस.टी.च्या कंडक्टरला द्यायचं, तो ते शहापूरला पोचवणार, तिथून ते रेल्वेने ठाण्याला आमच्या दैनिकाच्या कचेरीत. घोडं एकाच ठिकाणी अडायचं. सभा संध्याकाळची आणि एस.टी. त्याआधीच सुटायची. म्हणून पुढाऱ्याच्या माणसाकडून भाषणाची प्रत दुपारीच घ्यायची आणि सभा भरायच्या आत 'सभा उत्साहात पार पडली' असं लिहून मोकळं व्हायचं. सगळेच वार्ताहर करायचे. पुढारी कागद बघून वाचत, त्यामुळे निभावून जायचं.

साठ सालानंतरच्या पहिल्या निवडणुकीत आमचे मालकच उभे राहिले. मालक म्हणजे, किन्हवलीजवळची जी भातजमीन बाबा जन्मभर कसत आले, तिचे. कूळ कायद्याने ती आता बाबांची व्हायची. पण मालकांनी मामलेदार कचेरीत सांगून ठेवलं होतं, 'हा कूळ नाही, मजुरीचा गडी आहे.' बाबा जमिनीचा खंड पैशात नाही, भातात घालत. पावती कोण देतो? सुनावणी मतदानाच्या तोंडावर होती. जमीन गेली तर आईबाबांना म्हातारपणी वीटभट्टीवर जावं लागणार होतं.

किन्हवलीच्या सभेदिवशी बाबा म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेले होते. मालकांच्या दिवाणजीने मला भाषणाची प्रत दिली आणि वाचून मी उडालोच. 'माझी जमीन जो कसतो तो माझं कूळ. त्याच्या हक्काला मी आड येणार नाही.' मतांसाठी का होईना, पण लिहिलं होतं! मी पहिल्याच ओळीत तेच घातलं आणि पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं.

सभेत पुढच्या खुर्च्यांवर आसपासचे जमीनदार येऊन बसले. मालक वाचता वाचता थांबले, त्यांच्याकडे बघितलं, खाकरले आणि सरळ पान उलटलं. पुढे रस्ते, विहिरी, शाळा. ते वाक्य गिळलं ते गिळलंच.

मेलो! बातमी तर केव्हाच पुढे गेलेली. मी सायकल हाणत शहापूर गाठलं, तोवर पाकीट गाडीत चढून गेलं होतं. आता मालक खवळणार, संपादक हाकलणार आणि बाबांना जमिनीवर कायमचं पाणी सोडावं लागणार. दुष्काळात तेरावा महिना तो हाच, आणि तो मी स्वतः ओढवून आणलेला.

बातमी छापून आली. वाड्यापाड्यांवर लोकांनी ती मोठ्याने वाचून घेतली. सभेत मागे बसलेल्यांना कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू आली होती, त्यामुळे मालक असं बोलले हे सगळ्यांना पटलं. मालकांनी मात्र अवाक्षर काढलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुनावणीला बाबांनी तो अंक मामलेदारांपुढे ठेवला. कचेरीच्या ओट्यावर ही गर्दी! मामलेदारांनी बातमी वाचली आणि ते बाबांशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले.

"बातमी तुमचीच ना? तुम्ही सभेत होतात. हे गृहस्थ असं बोलले का?"

खरं सांगावं तर जमीन जाते. खोटं सांगावं तर समोर मालक बसलेले, ते तिथंच माझे कान उपटणार. बाबा माझ्याकडे बघत होते, अगदी निर्धास्त.

मालकांनी एकदा ओट्यावरच्या गर्दीकडे बघितलं. सगळे मतदार. मग हसून हात जोडले.

"त्याला काय विचारता, रावसाहेब? छापून आलंय ना? मी बोललो. हा माझं कूळ."

ओट्यावर मालकांचा जयजयकार झाला. मी बाबांचा हात धरून गर्दीतून बाहेर पडलो.

संध्याकाळी आमच्या अंगणात वाडी जमली. बाबांना हसू आवरत नव्हतं.

"मी नेमका म्हशाला गेलो रं! तू होतास तिथं. मालक कसं बोललं, सांग की. आमी काय आयकलाच नाय."

"बाबा, छापलंय ना सगळं…"

"छापलेलं वाचता येतं का मला? तू बोलून दाखव."

सगळे माझ्याकडे बघत होते. आईनेही चुलीपुढून उठून दाराशी येऊन कान दिला. मी उभा राहिलो, मालकांसारखा खाकरलो आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. बाबांनी डोळे पुसले.

"माणूस शब्दाचा पक्का," ते वाडीला म्हणाले. "मत यालाच."

अख्ख्या वाडीने मालकांनाच मत दिलं. बाबा तर मरेपर्यंत देत राहिले.