अर्ध्या तासाचा आनंद

अख्ख्या दिल्लीत स्वतःच्या मनाची रोज झडती घेणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे हे मी कॉलर ताठ करून सांगतो. मामा मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, एका केंद्रीय मंत्रालयात नोकरीला, मुनिरक्याजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला. मी पुण्याच्या, दीड दिवसाचा गणपती बसवणाऱ्या घरातला. ‘शुद्ध’ म्हटलं की मला सोवळं आणि तूप एवढंच आठवायचं. मामांचं सगळं शुद्धीकरण आतल्या आत चालायचं. बाहेरून शर्टावर आमटीचा डाग, स्कूटरवर दोन ऋतूंची धूळ, चष्म्यावर बोटांचे ठसे. “देव बघायचाय ना आपल्याला? मग अंतःकरण स्वच्छ ठेवायला नको?” असं ते त्या चष्म्यातून माझ्याकडे बघत विचारायचे. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “आतून एवढं घासता, जरा बाहेरूनही घासा!”

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असे. ते घेण्याआधी मन निर्मळ हवं, म्हणून शनिवारी सकाळी मामा स्कूटर काढून माफी मागायला निघत. वाईट वागल्याबद्दल माफी सगळेच मागतात. मामा वाईट विचार केल्याबद्दल मागत, तीही ज्याला त्या विचाराचा पत्ता नाही अशा माणसाकडे. भाजीवाल्याला एकदा म्हणाले, “भैया, मंगल को मैंने सोचा कि तुम तौल में गड़बड़ करते हो. माफ़ करना.” भाजीवाला गहिवरला. म्हणाला, “अंकल, करता तो हूँ, पर आपके साथ नहीं.” माझ्या साखरपुड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, “जावईबापू, तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलगा आढ्यतेखोर वाटला होता. माफ करा.” मी उदारपणे म्हणालो, “काही हरकत नाही मामा. आता नाही ना वाटत?” मामा प्रामाणिकपणे म्हणाले, “बघतोय अजून.”

चर्चमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांत खालच्या पट्टीतला आणि सगळ्यांत भरदार. पण गाण्यात मनापासून म्हणता येणार नाही अशी ओळ आली की ते तोंड मिटत. बाजूला बसणाऱ्यांना त्यावरून त्यांचा आठवडा कसा गेला ते कळायचं. नवा फ्रिज घरी यायचा होता त्या रविवारी, ऐहिक मोह सोडण्याबद्दलचं अख्खं गाणं त्यांनी मुक्याने काढलं. गाणी बसवणारे सर वैतागून म्हणाले, “अहो, निदान सूर तरी धरा!” मामा म्हणाले, “सूर धरलाय, शब्द खोटा पडतोय.”

इथवर हे सगळं आम्हाला गमतीचं होतं. बायको आणि मी फरीदाबादला परतताना गाडीत हसत असू.

मामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. शेवटची बढती दोघांपैकी एकाला मिळणार होती, मामांना किंवा शेजारच्या सेक्शनमधल्या बत्रांना. हे बत्रा मामांना वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर ‘पादरी साहब’ म्हणून चिडवत आलेले. एक दिवस बत्रांच्या ताब्यातली एक महत्त्वाची फाइल हरवली. त्यांना नोटीस आली आणि बढती मामांकडे चालून आल्यासारखीच झाली. ते ऐकून मामांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ते बत्रांसमोर जाऊन उभे राहिले. “बत्राजी, आपको नोटिस आया सुनकर मुझे ख़ुशी हुई. आधा घंटा रही. माफ़ी चाहता हूँ.” बत्रांनी त्यांना दाराकडे बोट दाखवलं.

मामांना ती माफी पुरेशी वाटेना. ते रोज जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता रेकॉर्ड रूममध्ये शिरू लागले आणि बत्रांची फाइल शोधू लागले. अकराव्या दिवशी ती सापडली, मामांच्याच सेक्शनच्या एका गठ्ठ्यात. गठ्ठा बांधलेला मामांनी, चिठ्ठीवरचं अक्षर मामांचं. चुकून फाइल आत गेली होती.

“खोलीत कोणी नव्हतं,” मामांनी नंतर मला सांगितलं. “बत्राचं कपाट चार पावलांवर. तिथे ठेवली असती तर सगळंच मिटलं असतं. तीन पावलं गेलोही होतो.”

“मग?”

“मग स्टुलावर बसलो. खूप वेळ बसलो. उठलो आणि नोट लिहिली, की चूक माझी.”

बत्रांची नोटीस मागे घेतली गेली. मामांना लेखी ताकीद मिळाली आणि बढती बत्रांना. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्यासमोर ताट वाढताना म्हणाल्या, “मला आधी विचारलं असतंत तर मी नकोच म्हटलं असतं.” मामा म्हणाले, “म्हणूनच नाही विचारलं.” त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही हसलो नाही. बायको डोळे पुसत म्हणाली, “माझा मामा आहे तो.” मी म्हणालो, “आपला.”

निरोप समारंभाला आम्ही दोघं गेलो होतो. साहेबाच्या खुर्चीत बत्रा होते. भाषण करायला उठले, खिशातून कागद काढला आणि तसाच परत ठेवला. “मैंने इस आदमी का बहुत मज़ाक उड़ाया है,” एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांसमोर वाकून मामांच्या पायांना हात लावला. मामा इतके गडबडले की स्वतःच वाकले आणि दोघांची डोकी आपटली. सभागृह हसलं. मी मात्र माझ्या आजवरच्या आयुष्यात कुणाचा नातेवाईक असल्याचा एवढा ताठा कधी अनुभवला नव्हता.

परतताना मामा माझ्या शेजारी बसले होते, मागे मामी आणि बायको, मांडीवर हार. मला राहवलं नाही. “मामा, खरं सांगा, बत्रांना त्या खुर्चीत पाहून वाईट वाटलं?”



“वाटलं. फार वाटलं,” ते म्हणाले. “पण त्याच्याबद्दल मनात वाईट काही नाही. सकाळपासून शोधतोय. नाही सापडलं.”

मामींनी मागून हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. पुढे सिग्नल हिरवा होता, तरी मी गाडी जरा सावकाशच नेली.