लेह ते पोर्ट ब्लेअर, शिंप्याच्या टेपाने

कळंबच्या पेठेत आयुष्यभर शर्ट-पायजमे शिवणाऱ्या माणसाला लेहहून पोर्ट ब्लेअरला विमानाने किती वेळ लागतो याची उठाठेव कशाला? आमच्या काकांना होती. स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण सगळी पेठ त्यांना पायलट काका म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

दुकानात भारताचा नकाशा टांगलेला. वर टोकाला लेह, तिथे दिलीपदादा, त्यांचा मुलगा, रस्त्याच्या कामावर. पार खाली समुद्रात पोर्ट ब्लेअर, तिथे मुलगी सुनंदाताई नर्स. गिऱ्हाईक छातीचं माप द्यायला हात वर करून ताटकळत उभं आणि काकांचा टेप नकाशावर. "सरळ जायला एवढंच तर हाय," म्हणायचे.

मी त्यांची पुतणी, शेजारीच राहणारी. "काका, सरळ नाही जात ते. दिल्लीला बदला, मग कोलकात्याला नाहीतर चेन्नईला बदला," हे सांगून माझं तोंड दुखलं. "म्हंजे येरमाळ्याला उतरून दुसरी गाडी धरायची की," एवढंच त्यांना पटायचं. विमानाला सगळे नियम एसटीचे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही, हे ऐकून तर ते खरोखर हळहळले होते.

आम्ही हसायचो, पण त्यांचा जीव कशात अडकलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकू गेल्या तेव्हा लेहला बर्फ पडत होता, विमानं बंद. दादा पोचला तोवर राख सावडून झाली होती. ताई चारचौघांत त्याला म्हणाली, "आईपेक्षा नोकरी मोठी झाली तुला." दादाने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणंच टाकलं. मग काका दोघांना आळीपाळीने फोन करायचे. "तो तुझी लई आठवण काढतोय," हे तिला. "ती तुझ्या तब्येतीचं इचारत होती," हे त्याला. दोन्ही धादांत खोटं. दादालाही कळायचं, ताईलाही कळायचं.

शेवटी त्यांनी ताईला गळ घातली. "एकदा लेहला जाऊन ये. किती टाइम लागतोय तेवढं मला सांग. भांडायचं ते तिथं गेल्यावर भांड."

ताई चरफडत निघाली. दिल्लीहून उडालेलं विमान ढगांमुळे लेहला उतरलंच नाही, तसंच परत फिरलं. दुसऱ्या दिवशीचं रद्द झालं. विमानतळावर बॅगेवर बसून तिने दादाला फोन लावला. "विमान निघतच न्हाय रे दादा," एवढंच बोलली आणि रडत सुटली. हे दादानेच आम्हाला सांगितलं.

मी दुकानात जाऊन म्हटलं, "काका, कळलं का किती वेळ लागतो? काकूंना जाऊन तीन वर्षं झाली, तेवढा." ते हसले, मग बाहीने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसले, "जा, च्या टाक."

गेल्या पावसाळ्यात काका गेले. या खेपेला दादा वेळेत पोचला आणि ताई अंदमानात वादळामुळे अडकली. तिसऱ्या दिवशी भावकीतली जाणती माणसं राख सावडायची घाई करू लागली. एकजण म्हणालाही, "बापापरीस काय काम हाय तिला?"

दादा शांतपणे म्हणाला, "थांबा जरा. लई लांबून येतीय ती. वाटेत विमान बदलावं लागतंय."

ताई येईपर्यंत त्याने राखेला कुणाला हात लावू दिला नाही.