गुरांच्या दवाखान्यातलं थेटर

माझ्या साडूभाऊंइतके कमी गुण असलेला आणि तरीही इतका यशस्वी कलावंत साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी अगदी निःपक्षपातीपणानं सांगतो आहे, कारण त्यांच्यावर माझ्याइतकं कोणीच जळलेलं नाही. आवाज फाटका, उंची बेताची, पाठांतराच्या नावानं बोंब आणि नोकरी जनावरांच्या डॉक्टरची. उलट मी. मी आदिलाबादला सरकारी कचेरीत कारकुनी करत असलो तरी नात्यागोत्यात 'हे लिहिणारे आहेत' अशी माझी ख्याती होती. कॉलेजात असताना एका एकांकिकेला बक्षीस मिळालं होतं, आणि पुढचं तीन अंकी नाटक डोक्यात संपूर्ण तयार होतं. फक्त ते कागदावर उतरवायला निवांतपणा हवा होता. त्यासाठी मी निर्मळच्या सुताराकडून सागवानी टेबल करून घेतलं. टेबल आलं तेव्हा उन्हाळा होता, मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग कचेरीत तपासणी आली. मग माझ्या लक्षात आलं की त्या खोलीची खिडकीच चुकीच्या दिशेला आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दर भेटीत चपला काढायच्या आधी ते विचारायचे, "काऊन हो साडूभाऊ, नाटक कुठवर आलं?"

"चिंतन सुरू आहे," मी सांगायचो.

"करा, करा. आमाले तं चिंतन जमत नाही. आमी डायरेक्ट करूनच टाकतो."

यात टोमणा नसायचा, हीच खरी अडचण. टोमणा असता तर मी तोंडावर काहीतरी फेकलं असतं. पण हा मनुष्य मनापासून माझ्या चिंतनाचा आदर करायचा, आणि तेवढ्यात स्वतः काहीतरी करून मोकळा व्हायचा. एकदा त्यांना पेटी शिकायची लहर आली. मला ती लहर त्यांच्या आधी आली होती, आणि चांगली पेटी कुठली, कलकत्त्याची की पालिताण्याची, याची मी चौकशीही सुरू केली होती. साडूभाऊंनी नांदेडच्या जुन्या बाजारातून एक मोडकी पेटी उचलून आणली. तिच्या काही पट्ट्या मुक्या होत्या. "मंग शिकणार कसं?" असं त्यांच्या बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "जे सूर लागत नाहीत ते ज्या गाण्यात नाहीत, तेच गाणे शिकतो." आणि शिकले! पोळ्यापर्यंत चार भजनं आणि एक लावणी बसवली. अधूनमधून एखादा मुका सूर यायचाच, तिथं ते तोंडानं 'हं' म्हणायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही कुठल्या तरी मोठ्या घराण्याची गायकी असावी.

सगळ्यांत कहर त्यांनी बदलीच्या वेळी केला. उटनूरच्या जंगलपट्ट्यात बरीच वर्षं काढल्यावर त्यांना आदिलाबादला यायची संधी मिळाली होती. लोक आदिलाबादच्या बदलीसाठी हैदराबादच्या कचेरीचे उंबरे झिजवायचे. हे गृहस्थ उलटे अर्जी घेऊन गेले आणि नेरडीगोंड्याचा गुरांचा दवाखाना मागून आले. साहेबांना वाटलं, यांचं डोकं फिरलं. मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मी मुद्दाम बघायला गेलो, तर साडूभाऊ मला हाताला धरून दवाखान्याच्या मागं घेऊन गेले. तिथं भलंमोठं आवार होतं, एक कडुनिंब होता आणि जनावरं उभी करायचा सिमेंटचा लांबरुंद ओटा.

"पाहा साडूभाऊ, स्टेज!" ते म्हणाले. "सरकारनं बांधून ठेवलं, आन् कोनाच्या ध्यानातच नाही."

मला तिथं शेण दिसत होतं.

त्या ओट्यावर त्यांनी थेटर उभं केलं. सुई टोचताना बैलाला पकडायचा लोखंडी सांगाडा असतो, त्याला कापड गुंडाळून राजवाड्याचं फाटक झालं. कापसाच्या व्यापाऱ्याकडची जुनी ताडपत्री पडदा झाली. आजारी म्हैस घेऊन येणाऱ्या माणसाचा आवाज बरा वाटला की म्हशीला औषध आणि मालकाला पार्ट, दोन्ही एकदम मिळायचं. त्यांचा कंपाउंडर तेलुगू होता. तो मराठी संवाद तेलुगू लिपीत लिहून पाठ करायचा आणि विसरला की सरळ तेलुगूत बोलायचा. पब्लिकला दोन्ही येत असल्यामुळं कोणाचं काही अडायचं नाही. प्रयोग दुपारी चारला. कारण विचारलं तर म्हणायचे, "सूर्याचा करंट जात नाही."

हे सगळं मी सोसलं. नाटकं ते स्वतःच लिहायचे आणि ती वाईट असायची, याचा मला मोठा आधार होता. पण एका वर्षी त्यांनी माझ्या घरातच हात घातला. त्यांच्या नव्या नाटकात एका विधवेचा पार्ट होता. ती बाई बाजारात बैल विकायला येते, पण मनातून तिला तो विकायचा नसतो, म्हणून गिऱ्हाईक आलं की ती त्याला काहीबाही बोलून पळवून लावते. साडूभाऊ चहा पिता पिता माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, हे तुमी करा."

मी मोठ्यानं हसलो. माझी बायको म्हणजे घरात पाहुणे आले तर दाराआडून बोलणारी बाई. तीही हसेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पाठ किती करावं लागते?"

त्यानंतरचे कितीतरी रविवार ती सकाळच्या बसनं नेरडीगोंड्याला जायची आणि मी झाकून ठेवलेलं जेवायचो. घरात आता पूर्ण निवांतपणा होता. टेबल होतं, कागद होते. मी खिडकीतून बसस्टँडच्या दिशेनं बघत बसायचो. संध्याकाळी ती उन्हानं लाल होऊन परत यायची आणि भाकरी थापताना ओठ हलवायची. "काय म्हणतेस?" असं विचारलं की "तुमाले नाही," म्हणायची.

प्रयोगाला मी माझ्या कचेरीतल्या मंडळींना घेऊन गेलो. नाटक पडावं अशी माझी इच्छा नव्हती, पण पडलंच तर साक्षीदार असावेत असं वाटत होतं. आवार माणसांनी भरलं होतं, पार मुधोळकडूनसुद्धा पाहुणे आले होते. पडदा बाजूला सरकला. ओट्यावर माझी बायको, हिरव्या लुगड्यात, आणि तिच्या हातात खऱ्याखुऱ्या बैलाचा कासरा. डॉक्टरांच्या नाटकात खोटा बैल कसा असणार?

पहिलं गिऱ्हाईक आलं, गेलं. दुसरं म्हणजे तो कंपाउंडर, तोही तेलुगूत शिव्या देत गेला. लोक हसत होते. आणि मग बैल खाली बसला. ऐन प्रसंगात, ओट्याच्या मधोमध, पाय मुडपून. तिसऱ्या गिऱ्हाइकानं त्याला चालवून बघायचं होतं, तो बिचारा तसाच उभा राहिला. कासरा ओढला, बैल हलेना. साडूभाऊ ताडपत्रीमागून शेपटीशी काहीतरी करू लागले, तरी हलेना. लोकांत चुळबुळ सुरू झाली. माझ्या शेजारचा हेडक्लार्क घड्याळाकडे पाहू लागला. आणि इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आल्यावर माझेच हात नकळत जोडले गेले. 'देवा, तिची फजिती करू नको,' एवढंच मनात येत होतं.

तिनं कासरा सोडला, कंबरेवर हात ठेवले आणि बैलासमोर उभी राहिली.

"बसला? बस. तूबी आमच्या घरच्यासारखाच. एकदा बसला का बसला. काय, विचार करून राह्यला का?"

आवारात हशा फुटला. हेडक्लार्क हसत हसत माझ्याकडे वळला आणि मग घाईनं दुसरीकडे पाहू लागला. हे वाक्य नाटकात नव्हतं. ती थांबली नाही. पाऊस झाला की उठतो म्हणाला, पाऊस झाला. पेरणी झाली की उठतो म्हणाला, पेरणी झाली. लोक हसून डोळे पुसत होते. मग ती बैलाशेजारी मांडी घालून बसली, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ऊठ रे राजा. तुले जमते. मले मालूम हाये तुले जमते. मी काय उगाच थांबली का इतकी वर्सं?"

आणि तो बैल, देवाशपथ सांगतो, उठला.

टाळ्यांचा कडकडाट थांबेना. साडूभाऊ घामाघूम होऊन माझ्याकडे धावत आले. "साडूभाऊ, अक्काच्या आंगात किती बोलनं साचलं होतं हो! तुमच्या घरात कुठं ठेवत होती?" इतकी वर्षं मी जिच्या हातचं जेवलो, तिच्यात काय आहे ते या गुरांच्या डॉक्टरनं काही रविवारांत ओळखलं होतं. त्यांच्या पेटीवर, त्यांच्या ओट्यावर मी जळलो होतो, पण त्या दिवसासारखा नाही.

परतीच्या बसमध्ये तिच्या गालावर अजून रंग होता. मी विचारलं, "ते विचार करून राह्यला का वगैरे, ते आधी ठरलं होतं?"

"बैलाले बोलली मी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुमाले काऊन लागलं?"

आणि थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. तिला धक्का लागू नये म्हणून मी आदिलाबाद येईपर्यंत ताठ बसून राहिलो.

त्यानंतर तिनं बऱ्याच नाटकांत कामं केली. साडूभाऊ निवृत्त झाले तेव्हा मुलानं त्यांना हैदराबादला नेलं, तिथं त्यांनी इमारतीच्या गच्चीवर उद्योग मांडला. शेवटी हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. भेटायला गेलो तर उशीला टेकून बसले होते, सुकले होते, आवाज होता त्याहून फाटला होता. मी पायाशी बसलो. ते हसले.

"साडूभाऊ, एक गोष्ट सांगू? मी नाटकात पडद्याच्या भोकातून पब्लिक पाहायचो ना, तं फक्त तुमालेच पाहायचो. तुमचं तोंड उतरलं का मी समजायचो, जमलं नाटक. बाकीचे लोकं तं कायलेबी टाळ्या वाजवते."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी आणि बायकोनं पुष्कळ नाटकं पाहिली, नांदेडला पाहिली, हैदराबादला पाहिली. साडूभाऊंच्या नाटकांपेक्षा सगळीच चांगली होती. मी ती शांतपणे पाहतो, टाळ्या वाजवतो, घरी येऊन पोटभर जेवतो. तोंड एकदाही उतरलेलं नाही. त्याचंच फार वाईट वाटतं.