खडखडीत कोरडं छत

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच कारण असेल का? माहीत नाही.

वेंगुर्ल्यात आमचं दुमजली घर. खाली आम्ही, वर शालन आणि तिची म्हातारी सासू. तीस वर्षांचा शेजार. माझ्या मेघनाचं लग्न मिठबावच्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं. पाहुणे बघून निघाले तेव्हा शालन त्यांना जिन्यापाशी भेटली. म्हणाली, "पोरगी बरी आसा, पण तिका फीट येता." मेघनाला लहानपणी तापात आकडी आली होती — एकदाच! आठवड्यात नकार आला. कारण मध्यस्थाने सांगितलं. मेघना दोन दिवस जेवली नाही. मी शालनला एका शब्दाने विचारलं नाही. भांडले असते तर ती सुटली असती — आणि मला तिला सोडायचं नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या बाथरूमच्या छताचा रंग सुटू लागला. पोपडे बादलीत पडायचे. एका रविवारी स्टुलावर चढून मीच ते रंगाऱ्याच्या लोखंडी पत्रीने खरवडायला घेतले. डोळ्यांत भुकटी, केसांत पापुद्रे. आतल्या जुन्या चुन्याला हात लावला — खडखडीत कोरडा. वरून थेंबही येत नव्हता. रंगाऱ्याने चुना न काढताच वर रंग फासला होता आणि खाली आम्ही गरम पाण्याची वाफ कोंडत होतो. दोष आमचा. कळलं का मला? स्वच्छ कळलं.

मग मी फडकं पाण्यात बुडवलं आणि खरवडलेलं छत चोळत बसले. दोनदा, तीनदा — पाणी मुरेपर्यंत. आणि शालनला हाक मारली.

तिने स्टुलावर चढून हात लावला. चेहरा उतरला तिचा. "गो बाय, ह्यां माझ्याच न्हाणयेतलां पाणी!" काय सांगू — किती बरं वाटलं मला!

तिने अख्खी न्हाणी फोडली. महिनाभर काम चाललं. एक दिवस खाली आली. "थोडे दिवस आमच्या म्हातारेक तुझ्याकडे आंघोळ करूक दिशीत?"

"माझीच न्हाणी गळता," मी म्हटलं. "तुझे म्हातारेक खंय घेव?"

म्हातारी मग परसातल्या विहिरीवर, माडाच्या झापांच्या आडोशाला बसून अंगावर पाणी घ्यायची. वाऱ्याने झाप हलले की हाताने लुगडं आवरायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मेघना जन्मली तेव्हा महिनाभर तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं ते याच बाईने. विसरले होते का मी? नाही. रोज आठवत होतं. तरी बघत राहिले.

पुढे मेघनाचं शिरोड्याला लग्न झालं, चांगलं झालं. शालन मांडवात चार दिवस राबली. तेव्हाही मी छताचं खरं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी म्हातारी गेली. भेटायला वर गेले, तर शालन माझा हात धरून रडली. म्हणाली, "म्हातारी शेवटपर्यंत सांगी, आपल्या न्हाणयेमुळे तुका त्रास झालो गो."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊंदे," म्हटलं — मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

आणि शालनने माझे आभार मानले.