चावी माझ्याकडे नाही

बोलता बोलता काकांचा उजवा हात कमरेकडे जायचा. तिथे काही नसायचं. हात जरा चाचपडायचा, मग तळवा वर करून ते म्हणायचे, "चावी माझ्याकडे नाही बाबा. ज्याच्याकडे आहे त्याला विचारू."

कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, कोणाचा भाऊ दारू सोडत नसो, काकांचं उत्तर हेच. आणि मग तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना. समोरचा चहा गार झाला तरी चालेल. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि अडचण आली की त्याच्याच पायरीवर जाऊन बसतो.

काका तुरुंगात हवालदार होते. संध्याकाळ झाली की कैदी बराकीत घ्यायचे, डोकी मोजायची, कुलूप घालायचं आणि ओढून पाहायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. येरवड्यात आम्ही त्यांच्या शेजारी राहायचो. माझे वडील लष्कर भागातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. आमच्या घराण्यात सही करणारे ते पहिले आणि पदवी घेणारी मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये?

काका निवृत्त झाले तेव्हा पाळकसाहेबांनी देवळाच्या चाव्या त्यांच्या हातात दिल्या. आमच्या मंडळीतली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. "शिस्तीचा माणूस आहे, दार सांभाळेल," असं पाळकसाहेब म्हणाले. पहिल्याच रविवारी संध्याकाळच्या उपासनेला काका दारात ताठ उभे राहिले. आत जाणारा प्रत्येक जण त्यांनी मोजला. शेवटची म्हातारी काठी टेकत आत गेली, तसं त्यांनी दार ओढलं, बाहेरून कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि पायरीवर बसले.

आत उपदेशाचा विषय होता, प्रभूने दिलेली सुटका.

उपदेश लांबला. एक तान्हं मूल रडायला लागलं. त्याची आई त्याला घेऊन बाहेर निघाली, तर दार उघडेना. तिने दार वाजवलं. बाहेरून खणखणीत आवाज आला, "ए, गप बसा आत!"

अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबांनाही पुढचं वाक्य सुचेना. फक्त काका हसले नाहीत. दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, आपलाच हात आपल्याला परका झाल्यासारखा. उपासना संपल्यावर त्यांनी चाव्यांचा जुडगा परत केला. म्हणाले, "तुमच्याकडेच ठेवा साहेब. शिक्षा संपली की कैदी बाहेर जातो. मी अजून आतच आहे."

त्या दिवसापासून त्यांच्या घराला कुलूप राहिलं नाही. रात्री कडीसुद्धा नाही, दार नुसतं लोटलेलं. काकूंचा संताप व्हायचा.

"अहो, माझाही आहे देवावर विश्वास. कुत्र्यांवर नाही! काल पातेलंभर दूध पिऊन गेलं."

"तहान लागली असेल त्याला."

"आणि तांब्याचा हंडा? तोही कुत्र्याने नेला?"

हंडा खरंच गेला होता. काका म्हणाले, "हंडा गेला. पण मला आता झोप लागते."

काकूंनी मात्र खाटेखालच्या पेटीला कुलूप ठेवलं होतं, वरून शाल टाकून. काकांना ते ठाऊक होतं. ते पेटीवरून नजर फिरवायचे, तिला हात लावायचे नाहीत. एकदा मला हळूच म्हणाले, "तिची सुटका तिच्या वेळेला होईल. मी कशाला घाई करू?"

आमच्या एका खोलीत भावंडांचा गोंधळ असायचा, म्हणून मी अभ्यासाला त्यांच्याकडे जायची. दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही, ढकलायचं आणि आत. माझं बी.ए. त्या ओसरीवरच झालं. मग शिक्षिका होण्यासाठी बी.एड.ला अर्ज केला. पुण्यात नंबर लागला नाही, नाशिकला लागला, तोही वसतिगृहासह. मला आभाळ ठेंगणं झालं. बाबा म्हणाले, "नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. शिकलीस तेवढं पुष्कळ झालं."

प्रवेशाची मुदत संपत आली तसा माझा रडका हट्ट वाढला. शेवटी बाबा मला काकांकडे घेऊन गेले. तुरुंगातला माणूस, तो बंदोबस्ताच्याच बाजूने बोलेल असा त्यांचा हिशेब.

"हवालदारसाहेब, तुम्ही सांगा हिला. पोरगी परगावी राहणार. उद्या काही झालं तर?"

काकांचा हात कमरेकडे गेला. पण नेहमीचं वाक्य आलं नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंड फिरवून स्टोव्हला पंप मारायला घेतला.

का, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला नर्स व्हायचं होतं. काकांनी तिला घराबाहेर पडू दिलं नाही आणि घाईघाईने तिचं लग्न करून जालन्याला धाडलं. त्यानंतर ती माहेरी आलीच नव्हती.

"मी माझीला राखली," काका म्हणाले. "कुलूप ओढून बघावं तशी राखली. लोकांना सांगायचो, देवाची इच्छा. देवाची कसली? माझी भीती होती ती. भीतीला देवाचं नाव दिलं की कोणी उलटून बोलत नाही."

बाबा चिडले. "मला शिकवताय होय? तुम्ही गेलात का कधी तिच्या दारात?"

स्टोव्हकडून काकूंचा आवाज आला, "बरं विचारलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एस.टी.ने जालन्याला गेले. इकडे माझा जीव टांगणीला. बाबाही येता-जाता त्या लोटलेल्या दाराकडे बघायचे. काका परतले तेव्हा बाबाच आधी जाऊन उभे राहिले, त्यांच्यामागे मी.

"तिने दार उघडलं," काका सांगायला लागले, "मला पाहिलं आणि लावून घेतलं. मी उभाच राहिलो. बंद दारापुढे चावीशिवाय उभं राहणं कसं वाटतं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ढकललं नाही, हाका मारल्या नाहीत. म्हटलं, प्रभू, मी सोडलं. आता तू बघ. ऊन चांगलं चढलं, आणि मग आतून आवाज आला, 'चहात साखर चालते का अजून?'"

काकूंनी पदर तोंडाला लावला. बाबा तसेच घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बोहरी आळीतून पत्र्याची ट्रंक घेऊन आले. सोबत नवं कुलूप. दोन्ही चाव्या त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. "एक माझ्याकडे ठेवणार होतो," म्हणाले, "पण राहू दे."

मी नाशिकला गेले, शिक्षिका झाले, पुढे मुख्याध्यापिका. धायरीत स्वतःचं घर केलं. या प्रत्येक गोष्टीसाठी मी देवाचे आभार मानते, तेव्हा काकांच्या ओसरीचेही मानते. देवावर भरवसा ठेवला की वाईट काही घडत नाही, असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. हंडा गेला तो गेलाच. पण जे आपल्या हातात नव्हतंच, ते मुठीत आवळून बसायचं नाही, म्हणजे हात दुसऱ्यासाठी मोकळा होतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. वर्गात पोरींवर डोळे वटारायची वेळ आली की मला ते "गप बसा आत!" आठवायचं आणि माझं मलाच हसू यायचं.

काकांची मुलगी पुढे दर नाताळला येत राहिली. करंज्या तळताना बापलेकींचं भांडणही व्हायचं, म्हणजे सगळं ठीक होतं.

काका गेले तेव्हा मी तिथे होते. दफनभूमीकडे निघताना कोणा लांबच्या नातेवाइकाने, घर उघडं कसं टाकायचं म्हणून, शेजारून कुलूप आणून दाराला लावलं. भल्या मनानेच. आम्ही परत आलो तर तो गृहस्थ दफनभूमीतूनच परस्पर आपल्या गाडीला निघून गेलेला. भर उन्हात सगळे दाराशी खोळंबले. रडून रडून थकलेल्या काकूंनी विचारलं, "चावी कोणाकडे आहे?"

काकांच्या मुलीचा हात वर आला, तळवा उघडा. "माझ्याकडे नाही..." एवढंच ती म्हणाली.

पहिल्यांदा हसल्या त्या काकू. मग आम्ही सगळेच, डोळे पुसत. माझे बाबा तोवर म्हातारे झाले होते. ते वाकले, नळाजवळचा दगड उचलून त्यांनी तिच्या हातात दिला. तिने कुलूप तोडलं.

सगळी माणसं आत गेली. दार सताड उघडं होतं, ते लोटायचंही कोणाला सुचलं नाही.